प्रोबवरचं बटण

टेस्टिंग विभागात मास्तरांचा शब्द म्हणजे शेवटचा. चौतीस वर्षांत त्यांनी नापास केलेलं एकही सर्किट पुढे पास झालं नव्हतं, आणि हे तेच सगळ्यांना सांगत फिरायचे. सर्किटला टेकवून सिग्नल मोजायचा प्रोब त्यांचा स्वतःचा, ड्रॉवरमध्ये कुलपात. दुसऱ्या कुणी हात लावला की संपलंच.

त्यांची मुलगी त्याच कंपनीत डिझाइनला लागली होती. नोकरी अजून कच्ची. एक सर्किट पास झालं की पक्की. सोनोग्राफीच्या यंत्रासाठी तिने एकाच मॉस्फेट ट्रान्झिस्टरवर सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता, जिथे बाकीचे तीन-तीन घालत होते. अट अशी, की दोन मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल पडता कामा नये. साहेब म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला तपासू द्या. पण मास्तर कसले ऐकतात! पोटची पोर म्हणून सोडली, असं उद्या कुणी म्हणायला नको.

सगळ्यांसमोर त्यांनी प्रोब लावला. सिग्नल सातशे किलोहर्ट्झलाच बसला, एक मेगाहर्ट्झसुद्धा गाठला नाही. पोरीचा चेहरा उतरला. मग ती जवळ येऊन हळूच म्हणाली, बाबा, प्रोब एकदा बघता का? मास्तरांचं डोकंच फिरलं.

"आधी सर्किट करायला शीक, मग माझा प्रोब बघ."

दोन-चार जण हसले. मास्तरांनी लाल शाईने नापास लिहून सही ठोकली. शनिवारी पोरीची नोकरी गेली. तिने दुसऱ्या गावी काम धरलं, आणि बाप घरात तत्त्वाच्या गप्पा मारत राहिला.

पुढचा आठवडा मास्तर नेहमीसारखे पॉवर सप्लाय तपासत होते. मग दुसऱ्या एकाचा अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर आला, तोही सातशेच्या आसपास बसला. आता मात्र त्यांनी प्रोब उलटा करून पाहिला. तांदळाएवढं बटण, दहावर हवं ते एकवर. पोरीच्या सर्किटच्या आधीच कधीतरी पॉवर सप्लायसाठी त्यांनीच सरकवलं होतं, परत फिरवायचं विसरले होते. एकवर असला की प्रोबचंच ओझं सर्किटवर पडतं आणि वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी हे शिकवायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

टाकाऊच्या कपाटातून त्यांनी पोरीचं सर्किट काढलं. चार मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल मागे हटला नाही. मास्तर तडक साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तीन मॉस्फेटवालं सर्किट कारखान्यात गेलंसुद्धा, तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली, उगाच खाजवून खरूज कशाला काढता?

पोरगी बापाचा फोन उचलत नव्हती. शेवटी बायकोच्या फोनवरून त्यांनी सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं, बाबा. बटण समोर दिसत होतं."

"मग ओरडून सांगायचं होतंस गं."

"तुमच्या लोकांसमोर तुमची चूक काढायची नव्हती. म्हणून तर हळूच बोलले." मग ती म्हणाली, "फोन आईला द्या."

मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला.