कप्तानचं नाव

मित्रांनो, मी एक जुना सागवानी फलक आहे, कॉलेजच्या व्यायामशाळेबाहेर टांगलेला. वय झालं तरी डोकं शाबूत आहे, आणि आज ते चांगलंच तापलं आहे.

सुतारानं रंधा मारून मला गुळगुळीत केलं, रंगाऱ्यानं माझ्यावर तीन रकाने आखले: फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि धावणे. दर वर्षी प्रत्येक रकान्यात त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचं एकच नाव, सोनेरी अक्षरांत. सुरुवातीला मुलं थांबून वाचायची. आता माझ्या खिळ्याला ओले टॉवेल लटकवतात. तेही मी सोसलं असतं.

पण कप्तानचं काय? सगळं कॉलेज त्या मुलीला याच नावानं हाक मारायचं. सकाळी धावणं, दुपारी व्हॉलीबॉल, संध्याकाळी फुटबॉल. दोन्ही संघांची कर्णधार तीच. सामना हरलेल्या पोरींना ती माझ्याखाली बसवून पाणी द्यायची, मग दटावायची, "झालं रडून? उद्या सहाला मैदानावर."

तिच्या शेवटच्या वर्षी रंगारी डबा घेऊन आला. फुटबॉलचे सर म्हणाले, "कप्तानचं नाव व्हॉलीबॉलवाले देतीलच. आमच्या गोलकीपरचं लिहा." व्हॉलीबॉलच्या बाई म्हणाल्या, "ती धावण्यात पहिली आहे, तिकडे येईलच की." धावण्याच्या सरांना वाटलं, दोन संघांची कर्णधार, तिला आपली जागा कशाला? तिघं एकाच खोलीत चहा पितात, पण एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. मी पडलो लाकूड, बोंबलणार कुठून?

आज तिचा सत्कार झाला. भाषणं आटोपल्यावर ती वडिलांना माझ्यापुढे घेऊन आली. ते बसगाड्या दुरुस्त करतात. अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते. तिन्ही रकान्यांवरून त्यांनी काळवंडलेलं बोट फिरवलं.

"तू कुठे आहेस गं?"

ती वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, ही गोलकीपर मीच तयार केली. या दोघीही माझ्याच पोरी."

"ते खरं. पण तू कुठे आहेस?"

दोन संघांना धीर देणारी ती मुलगी माझ्या खिळ्यावरचा टॉवेल सरळ करू लागली.

मित्रांनो, मला याचा संताप येतो. सगळ्यांसाठी राबणाऱ्या माणसाचं नाव कुणीतरी घेईल म्हणून सोडून देऊ नका. स्वतः जाऊन सांगा. माझ्या कडेला चार बोटं जागा आहे, रंगाऱ्याला आजच बोलवा. तिच्या वडिलांनी आत्ताच चष्मा पुसला आहे आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं आहे.