खुन्याचे नाव पहिल्या पानावर

मी एक जुना शाईचा पेन आहे. माझा जन्म उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला, पण माझ्या टोपणावर परदेशातल्या कुठल्याशा गावाचे नाव ठोकलेले आहे. "साईं, एकदम इम्पोर्टेड है," असे शपथेवर सांगून दुकानदाराने मला विकले. घेणाऱ्या शिवरामला थाप कळली होती. तो नुसता हसला आणि मला खिशाला लावून अंबरनाथला घेऊन आला.

मित्रांनो, ही गोष्ट १९८६ सालची. शिवराम दिवसा केमिकल कंपनीत हेल्पर होता. घरी आला, की शिवमंदिराच्या मागच्या वस्तीतल्या खोलीत मांडीवर फळी घेऊन रहस्यकथा लिहायचा. मी नुसता धावायचो. विषाचा पेढा काय, विहिरीतले प्रेत काय, मला फार मजा यायची! पुस्तकावर नाव मात्र छापून यायचे दौलतरावांचे. दौलतराव म्हणजे बदलापूरचे बडे प्रस्थ. त्यांनी पूर्वी खरोखरच काही पुस्तके लिहिली होती, मग त्यांचे डोके चालेनासे झाले. प्रकाशकाने शिवरामला गाठले. "नाव खपतं बाबा, गोष्ट नाही," असे म्हणून त्याने शिवरामला कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

नवे पुस्तक आले, की शिवराम बदलापूरला शालनताईंच्या वाचनालयात जायचा. सगळ्यांच्या आधी ते हातात घ्यायचा, कागदाचा वास घ्यायचा आणि गपचूप खाली ठेवायचा. लेखक म्हणून त्याचे कौतुक झाले ते एवढेच, आणि तेही त्याचे त्यानेच केले.

शालनताईंचे यजमान वारले होते. वाचनालय हाच त्यांचा आधार होता. चामटोलीचा जनू, चांगला पन्नाशीचा माणूस, त्यांच्याकडची पुस्तके सायकलवरून घरोघर पोचवायचा. वाचनालयाची एक रीत होती. दौलतरावांचे नवे पुस्तक आले, की जनू ते आधी त्यांच्या बंगल्यावर सहीसाठी नेऊन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी दौलतराव स्वतः वाचनालयात येऊन बसत. समोरच्या टेबलावर त्यांची पुस्तके मांडलेली असत, वाचक प्रश्न विचारत आणि दौलतराव ऐटीत उत्तरे देत.

मग ती भानगड सुरू झाली. नवे पुस्तक पहिल्या वाचकाच्या घरी गेले आणि तासाभरात परत आले. गोष्टीच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीने लिहिले होते, 'खुनी कंपाउंडर'. पुढच्या पुस्तकात, 'खुनी धाकटा दीर'. खुनी आधीच कळला तर रहस्यकथा वाचायची तरी कशाला? लोक चिडले. एकेकाने वर्गणी बंद केली. शालनताईंनी जनूला समोर उभे केले.

"पुस्तक दोघांच्याच हातून येतं. एक दौलतराव, नि दुसरा तू. लेखक काय स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईल?"

"ताय, आयची आन! मी नाय लिवला."

"पुन्हा नाव दिसलं तर सायकल इथेच ठेवायची नि घरी जायचं."

जनू मान खाली घालून उभा राहिला. या वयात त्याला दुसरे काम कोण देणार? शिवराम ते ऐकत होता. आपल्याच गोष्टीपायी एका गरिबाचे पोट जाते आहे, हे त्याला सहन होईना. पुस्तकांतले गुन्हे सोडवणारा माझा मालक खऱ्या गुन्ह्याच्या मागे लागला.

उत्तर रविवारी मिळाले. शालनताईंनी आदल्या दिवशी बसून सगळी नावे खोडरबराने पुसून टाकली होती. एका वाचकाने विचारले, "दौलतराव, विषाच्या पेढ्यातला खुनी तुम्हाला सुचला तरी कसा?" दौलतरावांनी टेबलावरचे ते पुस्तक उचलले आणि पहिले पान उघडले. वरचा कोपरा कोरा होता. त्यांनी ते उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले. कपाळाला घाम फुटला. "आधी जरा चहा सांगा हो," ते म्हणाले.

शिवरामला हसू फुटले. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दौलतराव आपल्या नावावरची पुस्तके वाचतसुद्धा नव्हते! रविवारी पंचाईत नको म्हणून सहीला आलेल्या प्रतीचे शेवटचे पान तेवढे बघत आणि खुन्याचे नाव पहिल्या पानावर टिपून ठेवत. खरा लेखक ते नव्हतेच, हे तिथे फक्त शिवरामला ठाऊक होते. म्हणून हे कोडे सोडवणे त्याच्या एकट्याच्याच हाती होते.

त्याने शपथ मोडली. शालनताईंना सगळे सांगितले. त्या खो खो हसल्या.

"अहो शिवरामभाऊ, दौलतरावांची पुस्तकं तुम्ही लिहिता?"

"पुढचं पुस्तक यायचंय ना? त्यातली खुनी मेलेल्याची मेव्हणी आहे. आल्यावर बघा."

पुस्तक आले. या वेळी ताईंनी ते बंगल्यावर पाठवलेच नाही. चार वाचकांसमोर शेवटचे पान उघडले. मेव्हणीच निघाली! मी खिशात आनंदाने थरथरलो. आता माझ्या मालकाला लोक लेखक म्हणतील, असे मला वाटले.

ताईंनी पुस्तक मिटले.

"म्हणजे खुनी कोण ते तुम्हाला आधीच कळतं," त्या सावकाश म्हणाल्या. "छापखान्यात ओळख असणार. आणि नवं पुस्तक आलं की सगळ्यांच्या आधी हातात कोण घेतं? तुम्हीच! वर त्या देवमाणसावर आळ घेता?"

"तरीच सारखा इथे पडीक असतो," कुणीतरी म्हणाले.

शिवरामने तोंड उघडले. पण दाराशी जनू सायकलचे हँडल घट्ट धरून उभा होता, आणि आपण सुटलो म्हणून त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. शिवरामने त्याच्याकडे पाहिले.

"हो," तो म्हणाला. "मीच लिहीत होतो."

आजवर त्याच्या लिखाणाला दुसऱ्याचे नाव लागत होते. त्या दिवशी दुसऱ्याच्या लिखाणाला त्याचे नाव लागले.

वाचनालयाचे दार त्याला बंद झाले. शपथ मोडल्याचे प्रकाशकाच्या कानावर गेले आणि त्याने दुसरा माणूस शोधला. काही दिवसांनी जनू सायकल मारत अंबरनाथला आला. उंबऱ्यातच बसला.

"भाऊ, नव्या बुकात परत नाव आला. तायनी पुसला. मना सांगतान, बोलू नको."

"मग?"

"नाय बोललो. माजा पोट हाय, भाऊ."

शिवरामने त्याला चहा पाजला. त्यानंतर त्याने मला कधी उचलले नाही.

आता घरोघर केबल आली आहे आणि वाचनालयाच्या जागी कॅसेटचे दुकान आहे. मी बिस्किटांच्या डब्यात पडून असतो. माझ्यातली शाई वाळून खडा झाली आहे. मला धुऊन पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आता काही होण्यासारखे नाही. पण मित्रांनो, एखादा माणूस 'हे मी केले' असे सांगू लागला, तर हसण्याआधी त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. शिवरामचे कुणी ऐकले नाही. काल त्याची नात डबा उघडून त्याला विचारत होती, "आजोबा, या पेनने तुम्ही काय लिहायचात?"

"काही नाही गं," तो म्हणाला, आणि त्याने झाकण लावले.