साहेबांनी पोचवलेला पाळणा

कैद्याच्या हाताला काम द्या, माणूस आपोआप सुधारतो, असं सुधीर देवस्थळी डोंबिवलीतल्या ओळखीच्या घरांत चहा थंड होईपर्यंत सांगायचे. कल्याणकडच्या एका तुरुंगाचे ते अधीक्षक. १९८८ साली त्यांनी तिथे सुतारखाना सुरू केला आणि त्याचं त्यांना पोटच्या पोरापेक्षा जास्त कौतुक. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्या चांगुलपणाला टाळ्या पडलेल्या त्याला फार आवडत.

पाळणा धाकूने केला. धाकू वसईकडचा कोळी. जाळ्यावरून झालेल्या भांडणात त्याने वल्हं हाणलं, समोरचा जागीच गेला आणि हा आत आला. बायको आधीच वारलेली. मुलगी सगुणा कोलशेतला दिलेली, तिला पहिली मुलगी झाली. पहिल्या बाळाचा पाळणा माहेरहून जायचा, आणि माहेर म्हणजे आता हा एकटा. देवस्थळींनी सागाचं लाकूड मंजूर केलं. धाकूने कठड्यावर मासोळ्या कोरल्या आणि बाळाला कुसळ लागू नये म्हणून कड न् कड घासून काढली. पाळणा तयार झाल्यावर, बारशाला तो आपणच पोचवू, असं देवस्थळींनी जाहीर केलं.

"माजी भैन मनूबाई नेल, साहेब. तुमी कनाला जाताव?"

देवस्थळींना वाटलं, संकोचतोय. "अरे, लाजायचं काय त्यात? तुझ्या कष्टाची वस्तू आहे. मी स्वतः नेणार!"

धाकूने पाळण्यावरचा भुसा झटकला. तुरुंगात साहेबाला दुसऱ्यांदा नको म्हणता येत नाही, एवढं तरी साहेबांना कळायला हवं होतं.

बारशाला ते गणवेशात गेले, तेही तुरुंगाच्या जीपमधून. मांडवात सगळी भावकी बसलेली. पाळणा उतरवून झाला आणि कोणी विचारलं नसताना त्यांनी भाषण ठोकलं. हा पाळणा आमच्या तुरुंगात, बाळाच्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी, वगैरे वगैरे.

मांडवातली भावकी एकमेकांकडे बघू लागली. सगुणाची सासू भागीरथी पुढे आली. व्याही गुजरातच्या बोटीवर आहे असं तिने भावकीला सांगून ठेवलं होतं. खरं काय ते तिला ठाऊक होतं, पण सुनेला कोणी टोचून बोलू नये म्हणून तिने ते पोटात ठेवलं होतं.

"आमी झाकलेला, साहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी उघरा केलाव."

एक म्हातारा उठला. "तुरुंगातल्या पालन्यान पोर निजवाचा नाय."

पाळणा मांडवाबाहेर गेला. बायका साडीची झोळी बांधू लागल्या. सगुणा बाळाला छातीशी धरून जमिनीकडे बघत होती. माफी न मागता, बाळाचं नाव ठेवायच्या आधीच देवस्थळी जीपमध्ये बसून पळाले. पळालेच, दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी धाकू सुतारखान्याच्या दारात उभा होता. अंघोळ करून, केस विंचरून.

"पालन्यान निजवला ना, साहेब, नातीला?"

"हो," देवस्थळी म्हणाले. कैद्यांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून ते सहज निघून गेलं.

धाकूचा चेहरा फुलला. बाकीचे कैदीही हातातलं काम टाकून जवळ आले.

"मंग नाव काय ठेवला?"

देवस्थळींनी टोपी काढून हातात घेतली; नाव ऐकायला ते थांबलेच कुठे होते? सगळे वाट बघत होते. धाकूने त्यांच्याकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं, आणि मग तोच बाकीच्यांना म्हणाला, "चला रं, साहेब दमलेत."