रेग्युलेटरवरचा बिल्ला

रेल्वेच्या इंजिन-शेडमध्ये सगळे त्याला धाकटा म्हणत. केस पिकले, चष्म्याची काच जाड झाली, निवृत्ती तोंडावर आली, तरी हा आपला धाकटाच. कारण त्याला एक थोरला होता. हा थोरला एका दुपारी वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत कामाला उतरला आणि परत बाहेर आलाच नाही.

असं एकदम सांगितलं की ऐकणारे हसतात. आला नाही म्हणजे काय, विरघळला की काय? तर आधी शेडची रीत ऐका. इंजिनाच्या पोटात काम करायचं असलं की फिटरने आपला पितळी बिल्ला रेग्युलेटरच्या दांड्याला अडकवायचा, म्हणजे ज्या दांड्याने इंजिन हलतं त्याला, आणि मगच आत उतरायचं. बिल्ला लटकतोय तोवर त्या इंजिनाला कुणी बोट लावायचं नाही, मग मोठा साहेब का येईना. आणि बिल्ला काढायचा तो ज्याचा त्यानेच. बाहेर जोडीदार उभा राही. त्याने पत्र्यावर एकदा ठोकलं की आतला दोनदा ठोकून कळवी, मी ठीक आहे. आतल्याने तीनदा ठोकलं म्हणजे बाहेर येतोय. मग बाहेरचा एकदा ठोके, म्हणजे ये.

दोघा भावांचे बिल्ले वडिलांनी स्वतः घडवले होते. वडील त्याच शेडमध्ये लोहार, अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, म्हणून त्यांनी थोरल्याच्या बिल्ल्यावर मासा कोरला आणि धाकट्याच्या बिल्ल्यावर किल्ली. घरी दोन्ही बिल्ले दाराजवळच्या एकाच खिळ्याला टांगलेले असत. सकाळच्या घाईत भाऊ ते ओढून खिशात टाकत आणि धावत सुटत.

त्या दुपारी दादा आत होता आणि धाकटा बाहेर. धाकट्याने ठोकलं, आतून दोन ठोके आले. थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं, काहीच आलं नाही. त्याने डोकावून पाहिलं तर भट्टीत दिवा जळत होता, शेजारी हातोडी पडली होती आणि दादा नव्हता. तळाची जाळी काढलेली होती. तिथून माणूस खाली राखेच्या खड्ड्यात उतरून पलीकडे जाऊ शकतो, हे खरं. पण राखेत पावलं उमटली नव्हती, हेही खरं.

शोधाशोध खूप झाली. अर्धी शेड म्हणाली, पळाला. त्याच्या खाटेवरच्या भिंतीवर जगभरच्या गाड्यांची चित्रं डकवलेली होती: बर्फातून जाणाऱ्या, वाळवंटातून जाणाऱ्या, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या. असला माणूस एका गावात किती दिवस टिकणार? उरलेली अर्धी शेड काहीच म्हणाली नाही. ती फक्त त्या इंजिनाला वळसा घालून जाऊ लागली. बिल्ला मात्र कुणी काढला नाही. काढायचा तर ज्याचा त्याने, आणि तो होता कुठे? इंजिन ढकलत मागच्या रुळावर नेऊन लावायचीही कुणाची छाती झाली नाही. ते जिथे होतं तिथेच राहिलं, पुढे डिझेलची इंजिनं आली आणि त्याच्याभोवतीची शेडच मागची शेड झाली.

धाकट्याने त्या दिवसापासून कुठल्याही इंजिनात पाऊल ठेवलं नाही. लेथचं काम मागून घेतलं. त्या संध्याकाळी खिशातलं सगळं त्याने न बघता पत्र्याच्या डब्यात ओतलं, झाकण लावलं, आणि तो डबा पुन्हा उघडला नाही. दुसऱ्या गावची बढती आली, त्याने नाही म्हटलं. तिकीट खिडकीवरची मुलगी त्याच्यासाठी बरीच वर्षं थांबली, मग कंटाळून दुसऱ्याची झाली. तिने विचारलं होतं, 'तू कशासाठी अडकलायस?' त्याला सांगता आलं नाही. सांगणार तरी काय? तो रोज दुपारी चहाच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये जात असे, गंजलेल्या पत्र्यावर एकदा ठोकत असे, आणि आतून रोज दोन ठोके येत असत.

हे ऐकून त्याच्या काळजाचं पाणी होई, आणि हे ऐकल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. दादा पळाला नाही, आपल्याला टाकून गेला नाही, एवढं त्या दोन ठोक्यांत होतं. तेवढ्यावर त्याने आयुष्य काढलं.

घरी फक्त आई. आता थकली होती, डोळे अधू झाले होते. शेजारीण आली की म्हणे, 'माझा एक मुलगा अजून कामावरून यायचाय.' शेजारीण चुकचुके. धाकटा दारात आला की आई मान वर करून विचारी, 'तू होय?' आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघत राही. धाकट्याला वाटे, दादाची वाट बघतेय बिचारी.

मग एक दिवस फोरमनबाईंनी त्याला बोलावलं. बाई नवीन होत्या, तोंडाच्या फटकळ पण मनाच्या स्वच्छ.

'तुमचं ते भूत विकलं गेलंय,' त्या म्हणाल्या. 'परदेशातल्या संग्रहालयानं घेतलंय. रंगरंगोटी करून काचेआड ठेवणार. आज डिझेल लावून ओढून न्यायचंय, पण इंजिनं हलवणारा आपला शंटर हात लावायला तयार नाही. म्हणतो, बिल्ला आहे.'

'आहेच,' धाकटा म्हणाला.

'अहो, पण किती वर्षं? मी काढते म्हटलं तर सगळे माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी कुणाचा गळाच दाबतेय. तुम्ही सख्खे भाऊ. तुम्ही काढा.'

'भावानं काढून चालत नाही. ज्याचा त्यानं.'

'आणि तो येतच नसेल तर? काहीतरी रीत असेलच ना?'

होती. धाकट्याने ती सांगितली. 'जोडीदारानं आपला बिल्ला शेजारी लावायचा, आत उतरायचं आणि त्याला हाताला धरून बाहेर आणायचं.'

 फोरमनबाईंनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

तो घरी गेला, आई डुलकी घेत होती. त्याने डब्यातला बिल्ला चाचपून घेतला, खिशात टाकला आणि परत आला. मागच्या शेडच्या दारात शंटर डिझेल घेऊन उभा होता.  पत्र्याच्या भोकांतून ऊन खाली येत होतं. धाकटा पायऱ्या चढून इंजिनाच्या कॅबमध्ये गेला. इतक्या वर्षांत बाहेरून ठोकलं होतं, वर पाय ठेवला नव्हता. दांड्याला बिल्ला तसाच लटकत होता, काजळीने काळाठिक्कर.

त्याने आपला बिल्ला काढून त्याच्या शेजारी अडकवला. अडकवताना बोटाला कोरीव रेघ लागली आणि ती ओळखीची वाटली नाही. त्याने चष्मा सारखा करून पाहिलं. त्याने आणलेल्या बिल्ल्यावर मासा होता.

त्याने बाहीने दुसरा बिल्ला घासला. एकदा, दोनदा, थुंकी लावून. काजळीखालून किल्ली वर आली.

त्या सकाळी घाईत बिल्ले बदलले होते, बस्स. दादाने बघितलं नव्हतं, त्याने बघितलं नव्हतं, शेडमध्येही कुणी वाचायला गेलं नव्हतं. आत कोण आहे हे सगळ्यांना माहीतच होतं ना! आणि शेडच्या रीतीप्रमाणे, ज्याचा बिल्ला तो आत. धाकटा कॅबच्या लोखंडी जमिनीवर मटकन बसला. बढती, ती तिकीट खिडकीवरची मुलगी, सगळ्या दुपारी, सगळं त्याला एकदम दिसलं आणि तो लहान मुलासारखा रडला. आत तोच होता. तो बिल्ला त्याच्यावाचून कुणालाच काढता येणार नव्हता, आणि त्याने मात्र कुणीतरी येऊन काढेल म्हणून वाट बघितली होती.

बऱ्याच वेळाने तो उठला. जमिनीवर एक जुना पाना पडला होता, तो त्याने उचलला. आजवर त्याने कायम बाहेरून एकदाच ठोकलं होतं. आज त्याने भट्टीच्या दाराजवळ तीनदा ठोकलं.

शेडमध्ये चिटपाखरू हललं नाही. मग पत्र्याच्या पलीकडून, अगदी त्याच्या हाताजवळून, एकच ठोका आला. स्वच्छ आणि सावकाश, दादा ठोकायचा तसा.

'दादा,' तो म्हणाला, 'येतो मी.'

त्याने किल्लीचा बिल्ला दांड्यावरून काढला. माशाचा बिल्ला भट्टीच्या तोंडातून आत सोडला आणि कान देऊन उभा राहिला. पडल्याचा आवाज आला नाही.

खाली उतरून त्याने शंटरला हात दाखवला. साखळी लागली, डिझेलने ओढलं, आणि वर्षानुवर्षं गंजून बसलेली चाकं कुरकुर न करता फिरली. शेडमधले सगळे टाळ्या वाजवायचं ठरवून दारात जमले होते, पण कुणी वाजवल्या नाहीत.

तो घरी पोचला तेव्हा आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली. 'तू होय?' असं तिने विचारलं नाही. त्याच्या खांद्यावरून मागे बघितलंही नाही. ती त्याच्याकडेच बघत राहिली, मग त्याच्या मुठीकडे. त्याने मूठ उघडली.

'तुला ठाऊक होतं?' त्याने विचारलं.

'डबा पुसताना झाकण निघालं, मासा दिसला. दुसऱ्याच दिवशी.'

'आणि दादा?'

'दादा गेला रे. आईला कळतं ते. त्याच्यासाठी रडून झालं माझं तेव्हाच.'

'मग मला का नाही सांगितलंस, आई?'

'काय सांगणार होते? तू घरातच तर होतास. जेवत होतास, झोपत होतास. घरात असलेल्या माणसाला घरी ये म्हणून कसं सांगायचं?'

 तिने मटारांचं ताट बाजूला सरकवलं आणि त्याचे काजळीने माखलेले हात आपल्या हातांत घेतले.

'फार उशीर केलास,' ती म्हणाली. 'तो खिळ्याला टांग आणि हात धुऊन ये. पानं घेते.'