पाखरं कमी झालीत

ओव्हनच्या टायमरचा आवाज बारीक होता आणि थांबत नव्हता. टीं टीं टीं, जरा विश्रांती, पुन्हा टीं टीं टीं. एथेल ओव्हनला जवळजवळ टेकूनच बसली होती. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून ती अंगठ्याने पुढे ढकलायची, रेघारेघांचं कलकल गुंडाळून परातीत पडायचं आणि तिचा हात पुढच्या गोळीकडे जायचा. तिची मान वळली नाही. अचानक आवाज झाला की माणसाची पापणी किंचित हलते, तेवढीही हालचाल झाली नाही.

उत्तराने ते पाहिलं. आणि उत्तराने ते पाहिलेलं, दारात पेपर घेऊन बसलेल्या एथेलच्या नवऱ्याने, व्हर्ननने, पाहिलं.

"रव्याचं थाळी स्वीट झालं वाटतं, मी बघते गं," म्हणत उत्तरा उठली आणि तिने टायमर बंद केला.

"वास आला तुला? एवढ्यात?" एथेल हसली. "कुत्र्याचं नाक आहे बाई तुझं."

"टीचरचं नाक आणि तुझे..." व्हर्नन म्हणाला, आणि त्याने उगाचच पेपरचं पान उलटलं.

"माझे काय?"

"तुझे हात. कलकलं बघ, मशीनमधून काढल्यासारखी."

चारकोप गावठाणातल्या या घरात उत्तरा दर डिसेंबरात नाताळची कलकलं वळायला येत असे. दिवाळीत एथेल सेक्टरमधल्या उत्तराच्या घरी चकल्या पाडायला जायची. तिच्या चकल्यांना काटा कधीच आला नाही, पण त्यावरून तिला बोलण्याची सोय नव्हती. कांदिवलीच्या ज्युनिअर कॉलेजात दोघींनी नोकरी केली. उत्तरा फिजिक्स शिकवायची, एथेल ऑफिसात टायपिंगला होती. कॉलेजच्या कागदांवर तिचं नाव कुठेही नसे, टाइप मात्र सगळं तिचंच असे. तिला ओळख होती ती चर्चच्या पॅरिशमध्ये. तिथे सगळ्यांच्या लेखी ती क्वायरची एथेल. लग्न होऊन या गावठाणात आल्यापासून चर्चच्या गायकांची क्वायर तिच्या हाताखाली होती. आज सोप्रानोत, म्हणजे वरच्या सुरांत, उभ्या राहणाऱ्या काही मुलींच्या आया आणि आज्याही तिच्याकडेच शिकलेल्या.

आणि तिचे कान. उत्तरा प्रयोगशाळेत दरवर्षी मुलांना ध्वनीचा एक प्रयोग दाखवायची. यंत्रातून निघणारा सूर हळूहळू चढवत न्यायचा. ज्याला ऐकू येणं थांबेल त्याने हात खाली करायचा. आधी मास्तरांचे हात खाली जात, मग मुलांचे. एके वर्षी एथेल कसलासा कागद सहीला घेऊन आली आणि दारातच हात वर करून उभी राहिली. सगळे हात खाली गेले तरी तिचा वरच. मुलं म्हणाली, मॅडम, या फेकतायत. उत्तराने पाठ फिरवून यंत्र कधी बंद, कधी चालू केलं. एथेलचा हात दर वेळी बरोबर वर जात होता आणि बरोबर खाली येत होता.

उतारवयात माणसाच्या कानांतून आधी वरचे सूर जातात. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून खूप दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याचे कान, त्याच्या तर सगळ्यात शेवटी येतं. हे उत्तरा वर्गात शिकवत आली होती.

"कॅथीड्रलचं सांग की," तिने काटा उचलत म्हटलं.

"सुटली कॅथीड्रल एक्स्प्रेस," व्हर्नन म्हणाला.

"तू गप रे. तुला कोणी बोलावलं होतं कधी टाउनात गायला?" एथेलने परात सरकवली. "मी शाळेत होते. सगळ्या पॅरिशमधून पोरी निवडलेल्या. ख्रिसमसच्या आधी प्रॅक्टिस. मम्मीने आंटीच्या ड्रेसला टीप मारून मला दिलेला, काखेत टोचायचा. शेवटच्या कॅरलला वरचा सूर माझ्या एकटीचा. मी सोडला आणि तो वर गेला. वर म्हणजे पार छतापर्यंत, उत्तरा. मला वाटलं गेला तो, हरवला. मी तोंड मिटलं, श्वास घेतला, आणि मग तो खाली आला. माझाच सूर, पण कोणीतरी धुऊन दिल्यासारखा. अजून ऐकू येतो मला. आत्ता पण."

व्हर्ननने या वेळी चेष्टा केली नाही.

रविवारी यव्होन उत्तराच्या घरी आली होती. क्वायरमध्ये की-बोर्ड वाजवणारी, बँकेत काम करणारी, मोजकं बोलणारी मुलगी. सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाली, "आंटी, सोप्रानो खाली उतरतायत. शेवटी एकटी गाते त्या व्हॅलेन्सियाचा वरचा सूर तर दर वेळी कच्चा. आधी एथेल आंटी एका पोरीचा एक सूर इकडचा तिकडे झाला तरी पट्टीने स्टँड वाजवायच्या. आता डोळे मिटून 'ब्युटिफुल' म्हणतात. पोरी एकमेकींकडे बघून हसतात, आंटी. मला नाही बघवत. फादरनी पण विचारलं मला. मी काय सांगू?"

"व्हर्ननला सांगितलंस?"

"अंकल म्हणतात, टीचरना सांगू दे. ती टीचरचंच ऐकते."

उत्तराने यव्होनला चहा दिला आणि सांगते म्हणाली. मग सोमवार गेला, मंगळवार गेला. आता नाताळच्या रात्रीचा मिडनाइट मास दोन दिवसांवर आला होता आणि संध्याकाळी शेवटची प्रॅक्टिस होती. आताही सांगितलं नाही तर भरल्या चर्चमध्ये तो सूर कच्चा लागणार होता, आणि एथेल हात वर करून, डोळे मिटून, खूश होऊन उभी राहणार होती.

कलकलं तळून झाल्यावर दोघी खाडीकडे निघाल्या. हीही जुनीच रीत. ख्रिसमसच्या आधी एकदा तिवरांच्या कडेने चालायचं आणि पाखरं बघायची. उत्तरा डोळे, एथेल कान, अशी वाटणी होती. एथेल पुढे चालायची आणि न बघता सांगायची, डावीकडे शिंपी, आत वटवट्या, तो बघ खंड्या उडाला. उत्तराने दुर्बीण लावावी आणि पाखरू तिथेच असावं.

बंधाऱ्यावर उन्हं आली होती. टॉवरच्या सावल्या तिवरांवर पडलेल्या. भारद्वाज घुमला.

"भारद्वाज," एथेल म्हणाली. बऱ्याच वेळाने, "तांबट. लांब आहे." मग ती उभीच राहिली. "बस? दोनच? वाट लागली गो या खाडीची. पूर्वी इथे मला बोलायला सवड नसायची."

उत्तराच्या उजव्या कानाशी, अगदी हाताच्या अंतरावर, वटवट्या झुडपात चिवचिवत होता. पाण्यावरून छोटा खंड्या तीक्ष्ण शीळ घालत गेला. पलीकडे अजून कोणीतरी बारीक आवाजात भांडत होतं.

"कमी झालीत पाखरं," एथेल म्हणाली.

"हो. कमी झालीत," उत्तरा म्हणाली.

हे वाक्य उत्तरा तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हणाली, त्या वर्षी व्हर्ननचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं. एथेल इस्पितळातून थेट इथे आली होती, डोळ्यांखाली काळं घेऊन. तेव्हा उत्तराच्या मनात आलं, यंदा नको. पुढच्या वर्षी सांगायचं तर आधीच्या वर्षीचंही सांगावं लागलं असतं. त्यानंतरच्या वर्षी ते वाक्य आपोआप तोंडातून आलं. आयुष्यभर मुलांना जे दिसेल तेच लिहा म्हणून बजावणाऱ्या बाईने हे केलं होतं, आणि ते मायेपोटी केलं होतं, ही समजूत दर वर्षी थोडी पातळ होत चालली होती.

आज सांगायचंच, असं ठरवून ती निघाली होती. मनात शब्दही जुळवले होते. "एथेल, यव्होन परवा..." ती म्हणाली.

"शूऽ! दुर्बीण दे, दुर्बीण दे."

समोरच्या तिवराच्या उघड्या फांदीवर शिंजीर बसला होता. पिवळं पोट, पाठ वाइनच्या रंगाची. इतका जवळ की दुर्बिणीचीही गरज नव्हती, पण एथेलने ती लावली आणि फिरवून नीट केली.

शिंजीर गात होता. पाखराच्या मानाने फार मोठं गाणं, सुईच्या टोकासारखे सूर, एकामागून एक, श्वास न घेता.

एथेल बराच वेळ बघत राहिली. मग दुर्बीण तशीच डोळ्यांना ठेवून म्हणाली, "त्याची चोच उघडी आहे."

"हं."

"गळा हलतोय. नुसता थरथरतोय. उत्तरा, तो गातोय?"

"हो."

"हळू?"

"नाही. जोरात."

एथेलने दुर्बीण खाली केली. आधी ती पाखराकडे बघत होती, मग पाण्याकडे, मग उत्तराकडे. "आणि बाकीचे?"

"बाकीचेही आहेत."

"सगळे?"

"बहुतेक सगळे."

"आणि तू मला म्हणालीस, कमी झालीत."

"तू म्हणालीस. मी हो म्हटलं."

"मोठी आली हो म्हणणारी!" एथेलचा आवाज चढला. शिंजीर उडाला. "मी त्या टॉवरवाल्यांना शिव्या दिल्या गं! फादरना सांगितलं, पाखरांसाठी प्रेयर ठेवा. व्हर्ननशी भांडले, तो म्हणतो पाखरं आहेत, मी म्हणते तुला काय कळतं, तुला कावळा आणि कोंबडी सोडून काही माहीत नाही. त्याने बिचाऱ्याने दोनदा सांगितलं मला. मी म्हटलं, उत्तराला विचार. उत्तरा सायन्सवाली आहे, उत्तरा खोटं नाही बोलत."

उत्तरा बंधाऱ्याच्या दगडावर बसली. काही वेळाने एथेलही बसली, पण जरा अंतर ठेवून.

"यव्होनचं काय म्हणत होतीस?"

उत्तराने सांगितलं. सगळं सांगितलं, पोरी हसतात तेही. गाळून सांगण्याची वेळ गेली होती.

एथेल आपला अंगठा चोळत होती. काट्यावर दाबून दाबून तो लाल झाला होता. "पण मला ऐकू येतं," ती म्हणाली. "व्हॅलेन्सिया वर जाते तेव्हा मला ऐकू येतं. स्वच्छ. एकदम बरोबर." मग तिचा चेहरा बदलत गेला तसा उत्तराला तो बघवेना. "ती नसते ती," एथेल म्हणाली. "तो कॅथीड्रलमधला सूर असतो. ती तोंड उघडते आणि मी माझाच ऐकते. बरोबरच येणार ना तो. तो कसा चुकेल?"

"डॉक्टरकडे जाऊ. कानाची मशिनं मिळतात चांगली. बोलणं तर..."

"लावीन मशीन. जानेवारीत. व्हर्नन खूश होईल, म्हणेल आता तरी माझं ऐकशील." ती हसली नाही. "तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर व्हॅलेन्सियाला मी नीट शिकवलं असतं. दुसऱ्या कोणाला तरी कान लावायला बसवलं असतं बाजूला. त्या पोरीला वाटतं आपण छान गातो. मीच सांगितलं तिला."

"चुकलं माझं."

"हो. चुकलं." एथेल उठली, स्कर्टची धूळ झटकली आणि उत्तराला उठायला हात दिला. पण परतीच्या वाटेवर ती पुढे पुढे चालली, आणि पाखरांविषयी एकही शब्द बोलली नाही.

संध्याकाळच्या प्रॅक्टिसला उत्तरा गेली. एथेलने बोलावलं नव्हतं. येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. चर्चमध्ये येशूजन्माच्या गोठ्याचं काम चाललेलं, कोणीतरी बांबू कापत होतं. ती शेवटच्या बाकावर व्हर्ननच्या शेजारी बसली.

"सांगितलंत?" व्हर्ननने विचारलं.

"सांगितलं."

"मघाशी घरी आली आणि दोन तास माळ्यावरचा पितळेचा स्टार पुसत बसली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, तुला कावळा ओळखता येतो, तेवढं पुरे." त्याने नाक पुसलं. "मला वाटलं बरी आहे."

एथेलने पोरांना उभं केलं. कॅरल सुरू झालं. तिचा हात नेहमीसारखा सैल, मनगटापासून फिरणारा. शेवटच्या ओळीला व्हॅलेन्सिया पुढे आली आणि तिने वरचा सूर घेतला. तो किंचित कच्चा होता. उत्तराला कळलं, यव्होनला कळलं. मागच्या रांगेत दोन मुलींनी ओठ दाबले. एथेलने या वेळी डोळे मिटले नव्हते. ती व्हॅलेन्सियाच्या तोंडाकडे बघत होती, गळ्याकडे बघत होती. सूर संपल्यावरही तिचा हात तसाच हवेत राहिला.

"ब्युटिफुल, आंटी?" व्हॅलेन्सियाने विचारलं.

"माहीत नाही," एथेल म्हणाली.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. हसली मात्र कोणी नाही. बांबू कापणाराही थांबला होता.

"माहीत नाही, बाळा. मला तो ऐकू नाही आला. बरेच दिवस येत नाहीये, आणि मी तुला छान म्हणत होते. ते खोटं होतं, पण मला माहीत नव्हतं." तिने समोरच्या स्टँडवरून पट्टी उचलली. "यव्होन, की-बोर्ड सोड आणि इकडे ये. ही धर. परवाच्या मासला समोर उभं राहून तू हात दाखवायचा, आणि पुढेही तूच. मी मागे खालच्या सुरांत, आल्टोत उभी राहते. तिथलं मला ऐकू येतं."