फोड येण्याआधी

पाच फोड होते. तीन एकमेकांना खेटून, ज्वारीच्या दाण्याहून लहान, आत पाण्यासारखा द्रव. दोन फुटलेले, त्यांच्या जागी उथळ जखमा. सगळे डावीकडे, योनीच्या बाहेरच्या ओठावर, रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत. जांघेत एक गाठ बोटाला लागली. दाबली तेव्हा ताईनं पाय आखडून घेतला.

"दिसलं काय वं?"

"पाच हायेत."

"मोजायले नाही सांगितलं तुले. काय हाय ते सांग."

ताई म्हणजे शामला, माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणासाठी ती गांधीबागेतल्या सासरहून आमच्या प्रताप नगरच्या घरी आली होती. आठवा महिना चालू होता आणि पोटाआड तिला स्वतःला खालचं काही दिसत नव्हतं. म्हणून भर दुपारी, आई शेजारी पापड लाटायला गेलेली असताना, खोलीला कडी लावून तिनं माझ्या हाती बॅटरी दिली होती. साल १९८५. आदल्या वर्षी मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि तेवढ्यावर तिचा माझ्यावर विश्वास होता.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. पहिल्यांदा हे लग्नानंतर थोड्याच महिन्यांत आलं. तेव्हा ताप, अंगदुखी, लघवीला आग. चालणंही अवघड झालेलं. सासूबाईंनी उष्णता म्हणून सब्जा आणि गुलकंद दिला. दोनेक आठवड्यांत खपल्या धरून ते गेलं. नंतर तीन-चारदा आलं, दरवेळी थोडं कमी, ताप नाही. जागा मात्र तीच.

"तीच? नक्की?"

"माझी जागा मले नाही समजणार काय?"

"आईनं पाहिलं तर नागीण म्हणेल. गेरू लावून देईल."

"आधी जागा तर सापडली पाह्यजे तिले," ताई म्हणाली आणि हसता हसता पोट धरून बसली.

नागीण कमरेवर किंवा छातीवर एका बाजूनं पट्ट्यासारखी उठते, आणि बहुधा एकदाच. हे पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येत होतं. मला संशय आला होता. पण पुस्तकातल्या चित्रावरून बहिणीचं निदान करायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही धंतोलीत डॉ. उमाठे बाईंकडे गेलो.

बाईंनी एका ताज्या फोडाचा तळ हलकेच खरवडला, काचेवर पसरला, रंग दिला. बऱ्याच वेळानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून त्या मला म्हणाल्या, "तूही बघ." एकेका फुगलेल्या पेशीत कितीतरी केंद्रकं एकमेकांना दाबून बसली होती.

"हर्पीस," बाई ताईला म्हणाल्या. "विषाणू मज्जातंतूत लपून राहतो आणि अधूनमधून त्याच वाटेनं वर येतो. त्याला कायमचं काढणारं औषध माझ्याकडे नाही. तुझ्या जिवाला त्याचा धोका नाही. प्रश्न बाळाचा आहे. कळा सुरू होतील तेव्हा तिथे फोड असले, तर बाळ त्यांना घासून बाहेर येतं. एवढ्याशा जिवाला हे झालं तर जिवावर बेततं. फोड नसतील तर सरळ बाळंतपण. असतील तर पोटातून काढू."

ताईनं पदर बोटाला गुंडाळला. "हे कोणापासून येतं?"

"शरीरसंबंधातून. पण कधीचं, हे मी सांगू शकत नाही. पुष्कळांच्या अंगात ते असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. फोड येण्याआधी काही जाणवतं का?"

"मुंग्या येतात. आग होते. मग एखाद्या दिवसानं फोड."

"मग मुंग्या आल्या तरी सांगायचं. फोडाची वाट पाहायची नाही."

 सायकलरिक्षा आमच्या वळणाशी आल्यावर ताई म्हणाली, "तुझ्या भाऊजीले नको सांगू. म्हणतील, माहेरहून घेऊन आली."

फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी साफ झाली. मी रोज बॅटरी घेऊन बघायचे आणि ताई रोज म्हणायची, "झाली काय तुझी तपासणी, डॉक्टरीणबाई?" रविवारी ताईचे यजमान, केशव भाऊजी, यायचे. आपल्या कापडाच्या दुकानातून त्यांनी बाळासाठी मलमलीचं अख्खं ठाण आणलं.

"जावईबापू, लेकराले पहिले नवं कापड नाही घालत," आई म्हणाली. "जुनं धोतर आणा."

"दुकानात जुनं कुठून येईल, मामी?" भाऊजी म्हणाले. ते ताईकडे बघत होते. ताई ठाणाची घडी नीट करत राहिली.

एप्रिलच्या एका दुपारी कळा सुरू झाल्या. उमाठे बाईंनी दवाखान्यात दिवा खाली ओढून तपासलं, मग मला जागा दिली. मी सावकाश बघितलं. एकही फोड नव्हता.

"साफ आहे. सरळ होईल," बाई म्हणाल्या. आईनं हात जोडले; खाली फोड असले तर पोट कापावं लागेल, एवढंच तिला आम्ही सांगितलं होतं.

ताईनं माझं मनगट धरलं. "पमे, मुंग्या येऊन राहिल्या. सकाळपासून."

"कळांमुळे असेल."

"कळा पोटात हायेत. ह्या तिथंच हायेत."

"दिसून तर काही नाही राहिलं," आई म्हणाली. "कायले पोट कापून घेतं वं?"

 मी पाहिलं होतं, आणि तिथं काहीच नव्हतं.

बाईंनी ताईला विचारलं, "खात्री आहे?"

"हाय."

"बाळाभोवतीचं पाणी अजून गेलेलं नाही, तोवर बाळ जपलेलं आहे. ठरवायचं तर आत्ताच. नवऱ्याला बोलवा."

भाऊजी दुकानातून तसेच आले होते, सदरा घामानं भिजलेला. "सगळं ठीक हाय म्हणे नं?" बाई बोलू लागल्या, तर ताईनं त्यांना थांबवलं.

"मी सांगते. मले तिथं फोड येतात. लग्नानंतर सुरू झाले. आता पुन्हा येणार हायेत. लेकराले लागू नये म्हणून पोट कापा लागते."

आई खुर्चीवरून उठली आणि बाहेर गेली. ताईनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

भाऊजी ताईजवळ आले. मग म्हणाले, "दुखते काय?"

"दुखते."

"आन् तू बोलली नाही."

"तुम्ही काय समजाल म्हणून."

"मलेही येतात," ते खाली बघत म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून. दिवसभर गादीवर मांडी घालून बसा लागते, घामानं येत असतील असं वाटलं. पावडर लावत होतो."

"कोणती?"

"घामोळ्याची."

ताईला हसू आलं, तेवढ्यात कळ आली, आणि तिनं माझं मनगट सोडून त्यांचा हात धरला. तो त्यांनी कळ ओसरेपर्यंत काढला नाही. मग दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "बाई, करा ऑपरेशन."

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या त्या जागी फोड उठलेले होते. बाईंनी सांगितलं, बाळाला घेण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. तीन आठवडे ताप, सुस्ती, अंगावर फोड आणि दूध न ओढणं यांवर नजर ठेवायची. भाऊजी दुकान सोडून रोज दुपारी यायचे आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. आई म्हणायची, "जावईबापू, कातडी निघून येईल." ते ऐकत नसत. मुलगी दूध प्यायची, झोपायची, पुन्हा उठून रडायची. ती फार वेळ झोपली की ताई तिच्या तळपायावर बोट फिरवून बघायची.

तिसरा आठवडा संपला तेव्हा भाऊजींनी तिला दवाखान्याच्या काट्यावर ठेवलं. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. काखेतलं तापमान अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. अंगावर एकही फोड नाही.