माझ्यावर बसून निवडलेला उमेदवार

मी एक जुना सोफा आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यावर उड्या मारल्यात, बिस्किटांचा चुरा सांडलात, उशांचे किल्ले केलेत. पण माझं कधी ऐकलं नाहीत. आज ऐका. मी खोटं बोलत नाही. फार तर जरा फुगवून सांगतो, आणि फुगणं हा तर सोफ्याचा धर्मच आहे.

माझा जन्म शारजातल्या एका सुतारखान्यातला. माझ्या सांगाड्याचं लाकूड मोडीत निघालेल्या एका गलबताचं. ते गलबत म्हणे मस्कतहून लिंबं आणायचं. त्यामुळे समुद्राला भरती आली की मी अजूनही किंचित डावीकडे कलतो. लोक म्हणतात, पाय झिजलाय. म्हणोत बापडे.

अरुणने मला दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं, तेव्हा मी लिफ्टमध्ये मावत नव्हतो. शेवटी मीच पोट आत घेतलं. त्याची बायको स्मिता येईल त्याला सांगायची, "बसून तर बघा, उठावंसंच वाटणार नाही." शेजारच्या फ्लॅटमधल्या दत्तप्रसाद काकांनी ते फारच मनावर घेतलं. अरुण-स्मिताची मुलगी अनन्या माझा हात धरून उभी राहायला शिकली. त्या दिवसांत माझं कौतुक होतं. सणाला नवं कव्हर मिळायचं. पुढे ती मोठी झाली, मी खचलो, आणि कव्हर यायचं थांबलं.

पण खचलेल्या सोफ्याला एक विद्या येते. टीव्हीवाले विचारत फिरतात, बघणाऱ्यांवर कोणाची छाप पडली? अहो, ती छाप आधी माझ्यावर पडते. पटलं की माणूस पुढे सरकतो, कंटाळला की मागे रेलतो, आणि मनात एक, ओठांवर एक असलं की मांडी बदलतो. ही विद्या कोणी विचारली नाही, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

झालं असं. अनन्या बारावी झाली. तिला भूकंपांचा अभ्यास करायचा होता. अमेरिकेतल्या एका कॉलेजात तिला जानेवारीपासून जागा मिळाली होती, आणि इथे जवळच अल ऐनमध्ये दुसऱ्याच विषयाला. तिचा जीव अमेरिकेत अडकलेला. कॉलेजला उत्तर द्यायच्या शेवटच्या दिवशीच, पहाटे, तिकडच्या एका पक्षाची डिबेट होती. अध्यक्षाची निवडणूक व्हायच्या कितीतरी आधी, आपल्यातला उमेदवार कोण हे ठरवायला एकाच पक्षातले इच्छुक आपसांत भांडतात, ती डिबेट.

अरुण म्हणाला, "आधी तिकडचा वारा बघू. बाहेरून आलेल्या मुलांना ही माणसं ठेवणार की हाकलणार, ते ऐकू. मग ठरवू."

तिकडे रात्र, इकडे उजाडायचं होतं. स्मिताने कांदेपोहे केले. दत्तप्रसाद काका लुंगीवरच आले आणि माझ्या मधोमध बसले. हातात पोह्यांची बशी आली आणि डिबेटचा बघण्याचा कार्यक्रम झाला. पडद्यावर सूटबुटातली स्थळं, आणि माझ्यावर वधूपक्ष.

"पहिला नको," काका म्हणाले. "टाय ढिला आहे. देश काय घट्ट धरणार?"

"तो टोकाचा किती पाणी पितोय," स्मिता म्हणाली. "शुगर असेल."

"वहिनी, मधला बघा. काय खांदे, काय हसणं. प्रेसिडेंट मटेरियल."

मधल्याला प्रश्न आला, परदेशी विद्यार्थ्यांचं काय? तो हसला. म्हणाला, हुशार मुलांसाठी माझं दार नेहमी उघडं आहे. ते दार कसं उघडणार, हे त्याने सांगितलंच नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अरुण पुढे सरकला. माझी स्प्रिंग कुरकुरली.

मग एका करड्या केसांच्या बाईंना तोच प्रश्न आला. त्या थांबल्या. खाली पाहिलं. म्हणाल्या, येणाऱ्या वर्षांत नियम कडक होतील. मी खोटा शब्द देणार नाही. पण आलेल्याला मध्येच घालवणं मला मान्य नाही, आणि त्यासाठी मी भांडेन.

"मास्तरीण आहे," काका म्हणाले. "उत्तर येत नव्हतं म्हणून थांबली."

"आणि ते ब्रोच बघा," स्मिता म्हणाली.

माझ्या काठावर बसलेली अनन्या मात्र गुडघ्यांवर कोपरं टेकून पार पुढे झुकली होती. "बाबा, शी इज द ओन्ली वन हू डिडन्ट लाय. आय वुड स्टिल गो. ॲट लीस्ट आय नो व्हॉट आयम वॉकिंग इंटू."

"तुला माणसं कळत नाहीत अजून," अरुण म्हणाला. काका हसले. अनन्या उठून खोलीत गेली आणि तिची जागा माझ्यावर बराच वेळ उबदार राहिली.

कार्यक्रम संपला. काकांनी बशी माझ्या हातावर ठेवली. "अरुणराव, हा मधलाच येणार. पाठवा पोरीला. चला, यल्ला, खलास."

अरुणने तिथूनच पुण्याला आपल्या बहिणीला, साधनाला, फोन लावला. "ताई, अनन्याचं अमेरिकेचं खलास." एवढंच. ऑफिसला उशीर होत होता.

स्मिता म्हणाली, "अरे, तिला तरी सांग."

"संध्याकाळी. कुनाफा घेऊन येतो, तिचं तोंड गोड करून सरप्राइज देऊ. उत्तर मी ऑफिसातून पाठवतो." आणि नवरा-बायको दोघं कामाला गेले.

आता बघा, मित्रांनो. दुबईत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं अरबी 'खलास' म्हणजे झालं, ठरलं, पक्कं. पुण्यातलं 'खलास' म्हणजे मेलं.

साधना आत्याने बिचारीने सकाळीच अनन्याला फोन केला. "वाईट वाटून घेऊ नकोस गं बाळा. बाबा म्हणाले, अमेरिका खलास. अल ऐन काय वाईट आहे? घराजवळ राहशील."

अनन्या माझ्या काठावर बसली. तिने बाबांना फोन लावला. त्यांनी कापला, मीटिंग होती. मग तिने आईला लिहिलं, 'अमेरिका, इज इट खलास?' उत्तर लगेच आलं. फोन माझ्या गादीवर उताणा पडला होता, म्हणून मलाही दिसलं. 'हो राणी, खलास. संध्याकाळी बोलू.' आणि पुढे एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याकडे ती किती वेळ बघत होती. मी ओरडलो, हो, ओरडलो. पण सोफ्याचं ओरडणं म्हणजे एक 'कुर्र'. तिने जागा सोडल्याचं कॉलेजला कळवलं आणि अल ऐनला होकार दिला. मग ती मागे रेलली. इतकी जड ती मला कधीच लागली नव्हती.

अरुण ऑफिसातून उत्तर पाठवायला गेला, तर जागा आधीच सोडलेली, आणि रांगेतल्या दुसऱ्या कोणाला गेलेली. तो कुनाफ्याचा डबा घेऊनच धावत घरी आला.

"काय केलंस हे? मी ताईला सांगितलं होतं, खलास म्हणून!"

"येस," अनन्या म्हणाली. "इन विच लँग्वेज, बाबा?"

दत्तप्रसाद काका बेल वाजवून, आतली शांतता ऐकून, परत गेले.

ती अल ऐनला गेली. सुट्टीत घरी येते, नीट बोलते, 'थँक यू' म्हणते. आणि तो मधला, खांदेवाला? एकाही मतदाराने मत द्यायच्या आत शर्यत सोडून गेला. जाताना हसतच होता म्हणे.

अरुणला माझ्यावर बसवेना. मला मुहैस्नाहला पाठवलं. तिथे बांधकामावरची माणसं राहतात. संध्याकाळी ती माझ्यावर दाटीवाटीने बसतात आणि फोनवर कुठल्या कुठल्या देशांचे पुढारी बघतात. काल एकजण म्हणाला, "ये आदमी अच्छा है, आवाज देखो." सगळे पुढे सरकले. मी कुर्र केलं. कोणी लक्ष दिलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्या फाटक्या कापडाची काळजी करू नका. दोरा मिळाला तर ठीक, नाहीतर तसाच मरेन. पण तुमच्या घरात कोणी सोफ्याच्या अगदी काठावर बसलेलं दिसलं, तर टीव्ही बंद करा, त्याच्या शेजारी बसा, आणि पूर्ण वाक्यात बोला.